झायलम-फ्लोएम काढा आणि टॅक्स शिकवा म्हणे!

जुलै संपत आला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. "शाळेत झायलम-फ्लोएम शिकवलं, पण टॅक्स रिटर्न कसं भरायचं ते कोणी शिकवलं नाही." खाली हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग. यंदा आमच्या फॅमिली ग्रुपवर तो तिघांनी टाकला, त्यातला एक तर स्वतः सीए आहे, म्हणजे लोकांना खरंच शाळेत रिटर्न शिकवलं असतं तर पहिलं त्याचंच ऑफिस बंद पडलं असतं, पण असो. मग समोरची पार्टी उठली. रिटायर्ड मास्तर असलेले काका म्हणाले विज्ञानाने दृष्टिकोन तयार होतो, मावशी म्हणाली हे काढलं तर पोरं मेडिकलच्या 'नीट' परीक्षेला काय लिहिणार, आणि दोन दिवस चांगली जुंपल्यावर कोणाचा तरी वाढदिवस आला, केकचे फोटो आले आणि विषय तिथेच मिटला.

मला दोन्ही बाजूंचा वैताग आला म्हणून हे लिहितोय. माझं म्हणणं सरळ आहे. झाडात पाणी आणि साखर कशी फिरते आणि आपलं शरीर जंतूंशी कसं लढतं, हे दोन धडे शाळेतल्या सगळ्यात कामाच्या धड्यांपैकी आहेत, रिटर्नपेक्षा कितीतरी जास्त कामाचे, कारण या दोन गोष्टींवर आपण दर महिन्याला काही ना काही निर्णय घेतो आणि बहुतेक वेळा चुकीचा घेतो. आणि ते कामाचे आहेत याचा नीट परीक्षेशी काडीचा संबंध नाही. काकांच्या त्या 'दृष्टिकोना'शीसुद्धा फारसा नाही, तो शब्द आपण एखाद्या गोष्टीचा उपयोग सांगता येत नसला की वापरतो.

आता मेसेजवाल्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. मला नववीला जलवाहिनी आणि रसवाहिनी, म्हणजेच झायलम आणि फ्लोएम, यातला फरक तीन मार्कांना आला होता आणि तीनपैकी तीन पडले होते. डावीकडे जलवाहिनी, उजवीकडे रसवाहिनी, मधे स्केलने मारलेली रेघ. पहिला मुद्दा, पाणी वर जातं. दुसरा, अन्न खाली येतं. (हा दुसरा मुद्दा अर्धाच बरोबर आहे, साखर जिथे बनते तिथून जिथे लागते तिथे जाते, ती वरच्या कोंबाकडेही जाते, फळाकडेही जाते, पण 'खाली' लिहिलं की मार्क मिळायचे.) परीक्षा झाली, वही रद्दीत गेली आणि पुढची वीस वर्षं मला ते दोन शब्द फक्त जोक मारायला उपयोगी पडले. तेव्हा कोणी म्हणालं की हे शिकून माझा काही फायदा झाला नाही, तर त्याला खोटं कसं म्हणू? माझाही झाला नव्हता. दहावीनंतर लगेच कामाला लागणारी पोरं आहेत, त्यांना बँकेचा फॉर्म, कर्जाच्या कागदावरचे बारीक अक्षरातले नियम, पगाराची स्लिप वाचता यायला हवी, हेही शंभर टक्के खरं.

पण गंमत अशी की ते शिकवतात. ओरडणाऱ्यांपैकी कोणी पुस्तक उघडून बघितलंय का? आपल्या स्टेट बोर्डाच्या नववीच्या बीजगणितात 'अर्थनियोजन' नावाचं अख्खं प्रकरण आहे, त्यात इन्कम टॅक्स काढायची गणितं आहेत. दहावीच्या गणित भाग १ मधे त्याच नावाचं पुढचं प्रकरण आहे, जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंड, एसआयपी, सगळं. ही पुस्तकं २०१७ आणि २०१८ पासून चालू आहेत. माझा भाचा ते शिकून गेल्या वर्षी पास झाला. त्याला विचारलं, जीएसटी म्हणजे काय रे? "सीजीएसटी अधिक एसजीएसटी, मामा." बरं, मग आपण बिल नको म्हणालो की दुकानदार थोडं स्वस्त का देतो? गप्प. "तसं नव्हतं विचारलेलं." म्हणजे टॅक्सचंही आपण झायलमच करून ठेवलंय. त्यामुळे धडा बदलला की सगळं सुधारेल हा जो सूर आहे ना, तो तिथेच पडतो. एक न शिकवलेला विषय काढून दुसरा न शिकवलेला विषय घालायचा, यात पोराला काय मिळालं?

शिवाय टॅक्सचं एक वेगळं दुखणं आहे. समजा मला २००५ साली शाळेत कोणी मन लावून टॅक्स शिकवला असता. त्याच वर्षी एप्रिलात महाराष्ट्रात विक्रीकर जाऊन व्हॅट आला होता, तो मी पाठ केला असता. २०१७ च्या जुलैत तोही गेला, जीएसटी आला. २०२० मधे इन्कम टॅक्सला नवी पद्धत आली, आणि १९६१ चा जो कायदा आमच्या सीए भावाने रात्र रात्र जागून पाठ केला त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आणला. टॅक्स हा माणसांनी केलेला नियम आहे, तो बदलतो, आणि बदलला की पोर्टलवर जाऊन किंवा शंभर-पाचशे रुपये देऊन कोणाकडून तरी समजून घेता येतो. वडाच्या झाडात पाणी वर चढायची पद्धत मात्र कुठल्या बजेटमधे बदलत नाही.

आता म्हणाल, बदलत नाही ते ठीक आहे, पण मला त्याचं करायचंय काय. तर आमच्या सोसायटीच्या गेटवरचं झाड सांगतो. सोनमोहोर आहे, बिल्डिंगपेक्षा जुना, उन्हाळ्यात खाली पिवळा सडा पडायचा. चार वर्षांपूर्वी दिवाळीला त्याला लायटिंग केलं, म्हणजे खोडाला खालपासून वरपर्यंत वायर गुंडाळली आणि ती सुटू नये म्हणून छातीच्या उंचीवर बायंडिंग वायरचे दोन वेढे घालून पक्कडीने पीळ दिला. दिवाळी झाली, माळ जळाली, तिचे तुकडे काढले, तार तशीच राहिली. मधल्या काळात पार्किंग नीट दिसावं म्हणून पेव्हर ब्लॉक आले, ते अगदी बुंध्याला चिकटवून, मधे सिमेंट भरून. गेल्या वर्षीपासून झाडाची वरची टोकं वाळायला लागली. मीटिंगमधे विषय आला. चेअरमन म्हणाले, वॉचमन रोज दोन बादल्या घालतोय, पाण्याची काही कमी नाही, बहुतेक कीड असेल. मी खाली जाऊन बघितलं. तार आता दिसतच नव्हती, साल तिच्यावरून वाढून आली होती, आणि तारेच्या वरच्या बाजूला खोड चांगलं टायर घातल्यासारखं फुगलं होतं. खालची बाजू बारीक. एखाद्याने पट्टा फार आवळून बांधला की पोट कसं वर येतं, तसं.

आता त्या तीन मार्कांच्या उत्तरात हे सगळं होतं बघा! साखर वाहून नेणारी रसवाहिनी असते सालीच्या आतल्या बाजूला, आणि पाणी नेणारी जलवाहिनी त्याच्याही आत, लाकडात. तारेने साल आवळली, लाकूड नाही. त्यामुळे पाणी वर जात राहिलं, पानं हिरवी राहिली, कोणाला काही कळलं नाही. पण पानांनी बनवलेली साखर खाली मुळांपर्यंत पोचेना, ती तारेच्या वर तुंबली, तीच ती टायर. मुळं साठवणीतलं खाऊन काही काळ जगली, मग उपाशी मरायला लागली. वरून पेव्हर ब्लॉकमुळे मातीत हवा जाईना, मुळांनाही श्वास लागतो. मुळं मेली की मग पाणी ओढणार कोण? तेव्हा कुठे शेंडा वाळला. म्हणजे गुन्हा झाला चार वर्षांपूर्वी आणि प्रेत दिसलं आता. यात दोन बादल्या पाणी घालून काय होणार होतं? मेलेल्या मुळांना पाणी. झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवा असा आदेश हरित लवादाने दिल्लीत २०१३ मधेच दिलेला आहे, तो काही कोणाला झाडावर कविता सुचली म्हणून दिलेला नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो सगळ्यात दमदार आहे, त्यामुळे त्यावर जरा थांबतो. लोक म्हणतात, शेतकऱ्याला कुठे झायलम माहीत असतं, तरी त्याला झाड कळतंच ना? बरोबर आहे. माझा मामेभाऊ निफाडकडे द्राक्ष करतो. दहावीला सायन्समधे काठावर पास झालेला माणूस. पण मणी सेट झाले की तो दुहेरी पात्याची सुरी घेऊन गर्डलिंग करतो, वेलीच्या खोडाची साल गोल अंगठीसारखी काढतो, साखर खाली जाऊ देत नाही, ती घडात अडवतो, मण्याची फुगवण होते. मी विचारलं, किती रुंद कापतोस? तर खाली पडलेली सालीची चकती उचलून म्हणाला, "तांदळाच्या दाण्याएवढं. जास्त कापलं तर ते भरून येत नाही, मग वेलच गेली." म्हणजे आमच्या चेअरमनने न कळत जे सोनमोहोराचं केलं तेच हा कळून, मोजून, काही आठवड्यांत जखम भरून येईल इतक्या हिशोबाने करतो आणि त्याचे पैसे कमावतो. त्याला शब्द येत नाही, काम येतं. मग पुस्तकाची गरज काय उरली?

गरज कुठे लागते ते २०१० ने दाखवलं. त्या सीझनला युरोपने आपली द्राक्षं अडवली, कारण त्यात क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. आपल्याकडे त्याला सीसीसी म्हणतात, लिहोसिन म्हणून सगळ्यांना माहीत. वेलीची शेंडावाढ रोखायला ते वापरायचे, मुख्यतः खरड छाटणीनंतर, म्हणजे घड यायच्या कितीतरी आधी. नाशिककडच्या निर्यातदारांचं आणि बागायतदारांचं त्यात कंबरडं मोडलं. घडावर मारलंच नव्हतं तर घडात आलं कसं, हा प्रश्न तेव्हा पारावर प्रत्येकजण विचारत होता आणि त्याचं उत्तर त्या नावडत्या धड्यात आहे. औषध दोन जातीचं असतं, स्पर्शजन्य आणि आंतरप्रवाही. पहिलं पानावर बसतं, पावसाने धुऊन जातं. दुसरं पानातून आत शिरतं आणि मग ते झाडाच्या नळ्यांमधून जिकडे प्रवाह असेल तिकडे जातं, लाकडात साठून राहतं, पुढे निघतं. 'आंतरप्रवाही' हा शब्द आज प्रत्येक कृषी सेवा केंद्रात बोलला जातो, पण कुठल्या आंतरात आणि कुठल्या प्रवाहात, हे विचारा बरं काउंटरवर. अनुभव हा जुन्या गोष्टीचा असतो. गर्डलिंगचा अनुभव द्राक्षवाल्यांकडे पिढीजात आला, पण बाजारात काल आलेल्या रेणूचा अनुभव आजोबांकडे असणार कसा? तिथे आतलं यंत्र कसं चालतं ते माहीत असलं तरच अंदाज बांधता येतो. सांगली-कोल्हापूरच्या क्षारपड जमिनीचंही तेच, मातीतला क्षार मुळांना पाणी ओढू देत नाही, म्हणून पाण्यात उभा असलेला ऊस तहानेने वाळतो, आणि 'अजून पाणी दे' म्हणणारा शेजारी त्याला अजून मारतो.

पण मला खरा राग आहे तो या धड्यातून जी मजा काढून टाकली तिचा. बोअरवेलवाल्याला विचारा, जमिनीवर ठेवलेली मोटर किती खोलचं पाणी ओढते? तो म्हणेल पंचवीस-तीस फूट, त्यापुढे सबमर्सिबल टाका. हवेचा दाबच तेवढा आहे, पंप कितीही भारी आणा, ओढून पाणी दहा मीटरच्या आसपासच चढतं. मग कॅलिफोर्नियात एकशे पंधरा मीटरचं रेडवूड उभं आहे त्याच्या शेंड्याला पाणी कोण देतं? सबमर्सिबल तर नाही मुळात. या एका प्रश्नावर माणसं दीडशे-दोनशे वर्षं भांडलीत. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने सूर्यफुलाची कुंडी रोज तराजूत घालून पाणी किती उडतं ते मोजलं आणि १७२७ मधे पुस्तक काढलं. पुढे जर्मनीत स्ट्रासबुर्गरने वीसेक मीटर उंच झाडं बुडाशी कापून विषाच्या पिंपात उभी केली. विष चढत गेलं, वाटेतल्या जिवंत पेशी मारत गेलं, आणि तरीही पाणी चढतच राहिलं! म्हणजे पाणी चढवायला जिवंत पेशींचा पंप लागतच नाही. १८९४ मधे डब्लिनच्या डिक्सन आणि जॉलीने सांगितलं की ओढ वरून आहे, पानातून पाणी उडतं आणि एकमेकाला घट्ट धरलेली पाण्याची अखंड तार वर ओढली जाते, विहिरीतून दोर ओढावा तशी.

आणि आता यातला आपला माणूस. जगदीशचंद्र बोस. त्यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं झाडात जिवंत पेशींची धडधड असते आणि ती पाणी वर ढकलते, १९२३ मधे त्यावर त्यांनी पुस्तकच लिहिलं. ते चुकले. लाजाळूच्या पानातून विजेचा संदेश जातो हे दाखवणारा, रेडिओ लहरींवर मार्कोनीच्या बरोबरीने काम करणारा माणूस इथे चुकला, आणि स्ट्रासबुर्गरचं विषाचं पिंप समोर असताना चुकला. हे वर्गात सांगितलं तर पोरं जांभया देतील? मला तर वाटतं भांडतील, की सर बोसच बरोबर असतील, आणि भांडू देत की! पुस्तकात याचं काय होतं, तर 'बाष्पोच्छ्वासामुळे निर्माण होणाऱ्या ओढीमुळे पाणी वर चढते.' खाली रेघ मारा, येतं परीक्षेला. दोनशे वर्षांचं भांडण सात शब्दांत पुरलं, वर आपणच विचारतो हे पोरांना रटाळ का वाटतं.

आता शरीराचं. इथे तर न कळण्याची किंमत आपण चार-पाच वर्षांपूर्वी मोजून बसलोय. कोविडमधे 'इम्युनिटी' हा शब्द घराघरात आला आणि त्याची टाकी झाली. म्हणजे मोबाइलची बॅटरी असते तशी, कमी झाली की चार्ज करायची. काढा प्या, वाढते. गोळी घ्या, वाढते. बिस्किटावर, मधावर, चहावर, एका रंगाच्या डब्यावरसुद्धा लिहिलेलं बघितलं मी. आमच्या वहिनीने तेव्हा घरादाराला दोन वेळा गुळवेलीचा काढा पाजला, प्रेमाने पाजला, मीही प्यालो. त्याच काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं लिहिलं. त्यांचा अंदाज हाच होता की तिने प्रतिकारशक्ती चेतवली आणि ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही, वाद आहे, सहा पेशंट म्हणजे काही अंतिम पुरावा नव्हे, ठीक. पण मूळ प्रश्न कोणीच विचारला नाही. प्रतिकारशक्ती 'जास्त' असणं चांगलं हे ठरवलं कोणी?

धूळ नाकात गेली की सटासट वीस शिंका येतात, ती कमी प्रतिकारशक्ती नसते, फुकट जास्त असते, निरुपद्रवी कणावर तोफ डागलेली. लहान पोरांना होणारा टाइप वन डायबेटिस, त्यात स्वतःच्याच पांढऱ्या पेशी इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात. किडनी बदललेल्या माणसाला प्रतिकारशक्ती खाली ठेवायच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, नाहीतर त्याचं शरीर ती किडनी परकी म्हणून फेकून देईल. आणि कोविडचंच बघा. जून २०२० मधे ब्रिटनमधल्या मोठ्या ट्रायलने दाखवलं की व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. स्टेरॉइड काय करतं? प्रतिकारशक्तीला आवरतं. म्हणजे ज्या आजारासाठी अख्खा देश इम्युनिटी वाढवत होता त्याच आजारात वाचवणारं औषध ती दाबणारं निघालं. आणि लगेच दुसऱ्या वर्षी आपण तेच स्टेरॉइड घरी बसलेल्या, ऑक्सिजन न लागणाऱ्या, शुगर वाढलेल्या माणसांनाही फॉरवर्डवर बघून दिलं, आणि म्युकरची, म्हणजे काळ्या बुरशीची, लाट आली. दोन्हीकडून आपटलो. कारण आपल्या डोक्यात टाकी होती. प्रत्यक्षात तिथे पहारा आहे, ओळखपरेड आहे, कधी मारायचं आणि कधी थांबायचं याचे हुकूम आहेत.

हे ओळखपरेडीचं प्रकरण कोणी पहिल्यांदा बघितलं माहितीये? मेचनिकॉव्ह नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ, १८८२, सिसिलीतलं मेसिना. घरचे सगळे सर्कस बघायला गेलेले, हा एकटा घरी मायक्रोस्कोप घेऊन बसलेला. समोर तारामाशाची पारदर्शक पिल्लं. मनात आलं, याच्या अंगात काटा घुसवला तर? बागेतल्या गुलाबाचा बारीक काटा तोडला, पिलात खुपसला, रात्रभर झोप नाही, आणि सकाळी बघतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा घेराव. आपल्या बोटात काटा मोडल्यावर जो पू होतो तो हाच, लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. समोरचा तट म्हणायचा की लढतात पेशी नव्हे, रक्तातली द्रव्यं, म्हणजे पुढे ज्यांना प्रतिपिंडं म्हटलं ती. वर्षानुवर्षं भांडण चाललं आणि १९०८ चं नोबेल शेवटी दोघांत वाटून दिलं, पेशीवाला मेचनिकॉव्ह आणि द्रव्यांच्या तटातला एर्लिख, दोघंही बरोबर होते. जाता जाता, झाडाकडे अशा फिरत्या पेशी नसतात, त्यामुळे झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही, ते जखमेभोवती भिंत घालून तो भाग कायमचा बंद करतं. क्लासची जाहिरात लावायला ठोकलेला खिळा म्हणूनच कधी बाहेर येत नाही, आत चिणला जातो.

मग म्हणाल की हे पहिल्यापासून असंच आहे, लोकांना लस कळत नव्हती तरी देवी गेली की नाही? गेली. पण मधे काय काय झालं ते बघा. १८९६ मधे मुंबईत मांडवीला प्लेग आला. ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला, तिथे माणसं बरी करायला नाही, मारायला नेतात अशी खात्रीच होती. हाफकिनने भायखळ्याला लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली स्वतःला टोचून घेतली. याला निव्वळ अडाणीपणा म्हणणं सोपं आहे, पण मी म्हणणार नाही. त्याच साली पुण्यात रँडचे सोल्जर घरात घुसून बायकामाणसांच्या देखत तपासण्या करत होते, त्या सरकारने दिलेली सुई कोण विश्वासाने घेईल? अविश्वासाला कारण होतं. मात्र पुढे १९०२ मधे पंजाबात मुल्कोवालला लस टोचलेल्यांपैकी एकोणीस माणसं धनुर्वाताने मेली. झालं, लसच विषारी, असा निकाल लागला, हाफकिनचं काम थांबलं. पण नीट बघितलं तर त्या दिवशी शंभरावर लोकांना टोचलं होतं आणि मेलेले सगळे एकाच बाटलीतले होते. बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो. 'लस' आणि 'लसीत शिरलेला जंतू' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं, आणि तोपर्यंत पाच वर्षं गेली, प्लेग थांबला नव्हता. हाफकिनच्या नावाने परळला आज इन्स्टिट्यूट आहे, आपण बसमधून 'हाफकिन' म्हणून तिकीट काढतो.

ज्यांना हे कळायला हवं होतं ते तर शिकलेसवरलेले साहेबच होते, आणि हाच माझ्याविरुद्धचा शेवटचा मुद्दा आहे, की शिकलेले लोक तरी कुठे शहाणे वागतात. अगदी खरं. आमच्या ग्रुपवर सगळ्यात भयंकर फॉरवर्ड बीएस्सी झालेले पाठवतात. भाच्याला गेल्या महिन्यात सर्दी-ताप आला, त्याच्या बापाने, इंजिनिअर माणूस, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तीन गोळ्यांची अँटिबायोटिकची पट्टी आणली, चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही, आणि दोन दिवसात ताप उतरल्यावर तिसरी गोळी 'पुढच्या वेळेला' म्हणून फ्रिजवर ठेवली. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही हे त्याने नक्की कधीतरी पेपरात लिहिलं असणार, मार्कही मिळवले असणार. फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेलच्या भाषणात हाच धोका सांगितला होता, की अर्धवट डोसने जंतू मरत नाही, उलट औषध पचवायला शिकतो. पण यावरून धडा निरुपयोगी ठरतो का? त्या इंजिनिअरला धडा मिळालाच नव्हता, त्याला व्याख्या मिळाली होती. ताप हा शरीराने मुद्दाम वाढवलेला असतो, गोळी नसती घेतली तरी त्या सर्दीचा तो दोन-तीन दिवसात उतरलाच असता, हे त्याच्या डोक्यात असतं तर 'गोळीने बरं वाटलं' या पुराव्यावर तो इतका भाळला नसता.

त्यामुळे मला विचाराल तर सिलॅबस हलका करा, खुशाल करा. 'फरक स्पष्ट करा' काढा, आकृतीला नावं द्या काढा, पेशींची निम्मी नावं काढा, कोणाचं काही अडत नाही. पण एक तास वर्ग उठवून गेटबाहेरच्या झाडापाशी न्या आणि विचारा, ही तार इथे आहे, झाड मरेल का, आधी काय वाळेल, किती दिवसांनी. एक खिळा दाखवा. पांढऱ्या शेवंतीचा देठ उभा चिरून अर्धा लाल शाईत आणि अर्धा निळ्या शाईत ठेवा, सकाळी फूल दोन रंगाचं होतं, पाच रुपयांत काम होतं. आणि टॅक्सही शिकवा, पण तोही तसाच, खऱ्या किराण्याच्या बिलावर.

आमच्या गेटवर मी भाच्याला तेच विचारलं. फुगलेल्या जागेवर हात फिरवून तो जरा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, हे ते तीन मार्काचं आहे ना?" मग दोघांनी मिळून चेअरमनना सांगितलं की तार कापू या आणि बुंध्याभोवतीचे दोन ओळी ब्लॉक काढू या, थोडी मुळं जिवंत असली तर अजून चान्स आहे. ते म्हणाले, ब्लॉकची वॉरंटी जाईल, बघतो कमिटीत. रविवारी खाली उतरलो तर वॉचमन बादलीत काहीतरी हिरवट ढवळत होता. विचारलं तर म्हणाला साहेबांनी नर्सरीतून झाडाचं टॉनिक आणलंय, साडेचारशेची बाटली, "इम्युनिटी वाढते म्हणे." पेव्हर ब्लॉकवर ओतलं त्याने. उतार गेटकडे आहे, सगळं रस्त्यावर वाहून गेलं.